आन्सेल्म रूदिएचं अर्धं राहिलेलं जेवण

मंगळवारी मसूर, बुधवारी आधल्या दोन दिवसांत उरलेल्याचं काहीतरी, गुरुवारी कोबी आणि डुकराचं मांस एकाच हंड्यात रटरटवलेलं, शुक्रवारी मासा. मादाम पेरोलच्या खानावळीतला हा क्रम एकोणीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता, त्यामुळे आन्सेल्म रूदिएला कॅलेंडर बघायची गरज पडत नसे. लोकांच्या छपरांवर पाठ वाकवून दगडी कौलं बसवताना वारा चौकाकडून आला की त्याला वार कळायचा. वार कळला की भूक लागायची. आणि भुकेच्या मागोमाग पोटाच्या जरा वर आणखी काहीतरी दुखायचं, त्यालाही तो भूकच म्हणायचा, कारण दुसरं नाव द्यायची त्याची हिंमत नव्हती.

आन्सेल्म अठ्ठावन्न वर्षांचा. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, हात असे की खिशात पुरते मावत नसत. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "राहून गेलं." जसं काही खिडकी बंद करायची राहून गेली. खोगिरं शिवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथे तो झोपायचा. राहायचा मात्र छपरांवर, आणि दुपारी बारा ते पावणेदोन मादाम पेरोलकडे.

कारण बाराचा ठोका पडला की मोंबेराकमध्ये माणूस छपरावर असेल तर खाली येतो आणि खड्ड्यात असेल तर वर येतो. बँक कुलूप लावते, न्हावी अर्धी दाढी झालेल्या माणसाला घाईघाईने पूर्ण करतो, आणि औषधाच्या दुकानासमोर कोणी तापाने फणफणत उभा असेल तर त्याने दोनपर्यंत फणफणावं. जेवणाच्या वेळी जेवत नाही त्या माणसाबद्दल आमच्या गावात चांगलं बोललं जात नाही.

खानावळीला नाव नव्हतं. मेणकापड घातलेली दोन लांब टेबलं, दर चार माणसांमागे लाल वाइनची एक बाटली, पाटीवर खडूने लिहिलेलं एकच जेवण. आवडत नसेल तर दार उघडंच होतं. दाराशेजारी भिंतीवर लाकडी खणांचं एक फडताळ, प्रत्येक खणाला नंबर, आणि खणात घडी घातलेला नॅपकिन. रोजच्या माणसाचा नॅपकिन तिथे राहायचा, दर सोमवारी धुतलेला मिळायचा. खण मागून मिळत नसे. आन्सेल्म सुरुवातीचे चार महिने वाटसरूंसारखा कागदाला तोंड पुसत होता. मग एका सोमवारी मादाम पेरोलने चौकड्यांचा नॅपकिन त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "सात नंबर. सोमवारी बदलते. वाइनचे डाग निघत नाहीत, जपून." त्या दुपारी आन्सेल्म छपरावर शीळ घालत होता आणि खालची माणसं मान वर करून बघत होती.

तेव्हा ती छत्तिशीची होती. बुटकी, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या, चाल अशी भरभर की तिच्या मागचा वारा सुपाच्या वासाचा. नवरा ट्रक चालवायचा. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तो घाटातल्या एका वळणावर गेला. तीन दिवस खानावळ बंद राहिली, चौथ्या दिवशी पाटीवर पुन्हा खडू उमटला. सगळ्यांनी सूप संपवलं, ताटात उरलेल्या चमचाभर सुपात वाइन ओतून ताट तोंडाला लावलं, नेहमीसारखं. आन्सेल्मला तेव्हा काहीतरी बोलायचं होतं. काय ते ठरेपर्यंत सतरा वर्षं गेली.

असं नाही की ती बोलायला अवघड होती. तोंडाने तिखट होती, पण ते सगळ्यांशी. पोस्टमन काझाल रोज तिची कळ काढायचा आणि रोज बोलणी खायचा.

"मादाम, सूप गार आहे हो आज."

"तोंड जरा कमी चालवा, मस्यू काझाल. आत वारा शिरतो."

टेबल हसायचं. आन्सेल्मही हसायचा, पण त्याच्या वाट्याला टोमणा कधी येत नसे. त्याच्याशी ती नीटच बोलायची. जाताना तो म्हणायचा, "उद्या भेटू, मादाम." ती म्हणायची, "उद्या भेटू, मस्यू रूदिए." शुक्रवारी "सोमवारी भेटू." एकोणीस वर्षांचं दोघांचं बोलणं गोळा केलं तर त्यात एवढंच सापडलं असतं. काझालला मिळणाऱ्या टोमण्यांचा आन्सेल्मला हेवा वाटायचा, हे कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

छपरं शाकारणाऱ्यांच्या टेबलावर तो वयाने मोठा, म्हणून त्याच्या चाकूला मान होता. आमच्या डोंगरात पुरुष दुसऱ्याच्या चाकूने जेवत नाही. खिशातून स्वतःचा काढतो, शिंगाच्या मुठीचा, बहुतेक बापाने दिलेला. त्याने पाव कापतो, मांस कापतो, चीज कापतो, आणि शेवटी पावाच्या तुकड्याने पातं पुसून तो तुकडा खातो आणि चाकू मिटतो. टेबलावरच्या थोरल्याचा चाकू खटकन मिटला की जेवण संपलं. मग कोणाच्या ताटात काय आहे हे बघायचं नाही, उठायचं. आन्सेल्म बाराव्या वर्षी लाकोंब नावाच्या शेतकऱ्याकडे गडी म्हणून राहिला होता. लाकोंब भराभर जेवायचा. पोरांच्या ताटात बटाटे वाफाळत असताना खटकन आवाज व्हायचा आणि सगळे उठायचे, तोंडात घास असेल तो गिळत. आन्सेल्म तेव्हाच मनाशी म्हणाला होता की आपण थोरले झालो तर असं कोणाला उठवणार नाही. त्याने ते पाळलं. टेबलावर कोणाचा घास राहिला असेल तर तो पातं पुसतच बसायचा, दोनदा, तीनदा.

"आन्सेल्म, ते पातं आता आरशासारखं झालं," काझाल पलीकडच्या टेबलावरून ओरडायचा. "दाढी करून घेऊ का?"

तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात त्याला चर्चच्या मागच्या खोलीचं छप्पर मिळालं. तिथून खानावळीच्या स्वयंपाकघराची खिडकी सरळ खाली दिसते, हे त्याला पहिल्याच दिवशी अडीच वाजता कळलं. सगळी माणसं गेली होती, भांडी घासून झाली होती. मादाम पेरोल टेबलाच्या कोपऱ्याशी उभी होती आणि हंड्याच्या झाकणातच काहीतरी घेऊन खात होती. उभ्याने. ना नॅपकिन, ना पेला. पाव हाताने तोडलेला. चार घासांत झालं आणि ती झाकण घासायला वळली.

आन्सेल्म हातोडा हातात धरून बसून राहिला. आमच्याकडे एकटी म्हातारी बाईसुद्धा स्वतःपुरतं ताट मांडते, बसते, आधी सूप, मग बाकीचं, आणि चीज खाल्ल्याशिवाय उठत नाही. जेवण म्हणजे पोट भरणं नव्हे, हे इथे कोणी शिकवावं लागत नाही. आणि ही बाई तीस माणसांना रोज सूप, मग काहीतरी थंड, मग गरम, मग चीज, मग गोड अशी पाच वाढपं करते, आणि स्वतः झाकणात खाते, कारण समोर कोणी नाही. तिच्यासमोर कोणीतरी बसायला हवं, असं त्याला वाटलं. मग, बराच वेळ कौलं मोजल्यासारखं करून झाल्यावर, त्याने स्वतःशी कबूल केलं की कोणीतरी नव्हे, आपण.

ते तीन आठवड्यांचं काम त्याने पाच आठवडे केलं. पाद्रीबुवा म्हणाले, "रूदिए, देवाचं घर म्हणून इतकं बारीक काम?"

"हो," आन्सेल्म म्हणाला. चर्चच्या छपरावर बसून खोटं बोललो याची टोचणी त्याला पुढे कित्येक दिवस होती.

पण खाली उतरून दाराने आत गेलं की तो पुन्हा सात नंबर. उद्या भेटू, मादाम. उद्या भेटू, मस्यू रूदिए. तीन वर्षं अशीच गेली. उद्या आहेच, हा त्याचा भरवसा होता.

जूनच्या एका सोमवारी पाटीवर जेवणाच्या खाली आणखी एक ओळ होती. 'या महिनाअखेर बंद.' माणसं ती वाचून सूप पीत राहिली. काझालनेच विचारलं.

"बंद म्हणजे काय मादाम? सुट्टीसाठी?"

"बंद म्हणजे बंद. बेझिएला माझी बहीण आहे, तिचं खुब्याचं हाड मोडलंय. एकटी आहे. मी जाते तिच्याकडे."

"आणि ही जागा?"

"विकली. चष्म्याचं दुकान येणार आहे."

"चष्मा लावून बघायचं काय इथे?" काझाल म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. आन्सेल्मने ताटात वाइन ओतली आणि ती तोंडापर्यंत न्यायची विसरला. बेझिए खाली मैदानात, समुद्राकडे, दोन गाड्या बदलून सात तास.

त्याच्याकडे पंधरा जेवणं उरली होती. रोज सकाळी छपरावर तो वाक्य जुळवायचा. मादाम, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय. नको, हे बिलाबद्दलचं बोलणं वाटतं. मादाम, तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. पण वाटणारा मी कोण? बारापर्यंत वाक्य तयार व्हायचं आणि सुपाबरोबर गिळलं जायचं. आजूबाजूला तीस माणसं, तिच्या दोन्ही हातांत ताटं, तेव्हा हे सांगायचं कसं? तो लवकर येऊन बघायचा, ती चुलीशी असायची. उशिरा थांबून बघायचा, तर काझाल म्हणायचा, "काय आन्सेल्म, आज पातं झिजवूनच जाणार?" आणि ती तिकडून बघायची, आणि याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. रोज एक जेवण कमी होत गेलं. त्याला रात्री नीट झोप लागेना, आणि दिवसा छपरावर आपला तोल जाईल की काय अशी भीती आयुष्यात पहिल्यांदाच वाटायला लागली.

शेवटच्या शुक्रवारी मासा होता. माणसांनी आपापले नॅपकिन खणातून काढून घडी करून खिशात घातले, तिनेच तसं सांगितलं होतं. प्रत्येक जण जाताना तिच्या गालांना गाल लावून गेला, काझाल तर रडलाच, आणि रडताना म्हणाला की कांदा आहे. आन्सेल्म सगळ्यांत शेवटी राहिला. टोपी हातात फिरवत उभा राहिला. 'सोमवारी भेटू' म्हणायची सवय जिभेच्या टोकाशी आली होती आणि सोमवार उरला नव्हता.

"रविवारी," मादाम पेरोल म्हणाली. ती टेबल पुसत होती, मान वर केली नाही. "एक वाजता या. मागच्या दाराने. भांडी खोक्यात भरण्याआधी एकदा नीट करते काहीतरी."

"बरं," आन्सेल्म म्हणाला. आणि रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आभारही मानले नाहीत.

रविवारी त्याने दोनदा दाढी केली. भावाच्या अंत्ययात्रेला शिवलेला कोट घातला. मग प्रार्थना सुटल्यावर अख्खं गाव जिथे रांग लावतं तिथे, केकच्या दुकानात, तोही उभा राहिला. रविवारच्या जेवणाला रिकाम्या हाताने जाता येत नाही, आणि कोणाच्या हातातलं खोकं केवढं आहे यावरून कोणाकडे किती माणसं जेवायला आहेत हे सगळ्यांना कळतं.

"कॉफीचे एक्लेर," तो म्हणाला. "दोन."

"दोन?" दुकानदारीण म्हणाली. "दोन, मस्यू रूदिए?"

मागच्या रांगेने माना पुढे काढल्या. दुकानदारीणबाईने खोकं नेहमीपेक्षा जास्त सावकाश बांधलं, रिबिनीला जास्तीचा फास दिला आणि म्हणाली, "मजेत जेवा." एक वाजायच्या आत मोंबेराकमध्ये ही बातमी नसलेलं घर उरलं नव्हतं.

मागचं दार उघडंच होतं. आतल्या छोट्या खोलीत पांढऱ्या चादरीचं टेबल, इस्त्रीच्या घड्या अजून दिसत होत्या. ताटं दोनच. भिंतीला लागून खोकी रचलेली, गवतात गुंडाळलेल्या बश्या अर्ध्या बाहेर. त्याला वाटलं होतं काझाल असेल, आणखी दोघंतिघं असतील. दोन ताटं बघून त्याने केकचं खोकं बाजूच्या टेबलावर ठेवून दिलं, हातातून पडू नये म्हणून.

"इथे बसा," तिने टेबलाच्या शिराची, घरातल्या थोरल्याने बसायची खुर्ची दाखवली. हात असलेली, एकच तसली. ती कोणाची हे त्याने विचारलं नाही.

निळा पोशाख घातला होता तिने. त्याने तिला पांढऱ्या एप्रनशिवाय कधी बघितलं नव्हतं. आधी कच्चे मुळे, लोणी आणि मीठ. मग मेंढीची तंगडी, बाहेरून खरपूस, आत गुलाबी, भोवती घेवड्याचे कोवळे दाणे रसात.

"तुम्ही कापा," ती म्हणाली. "घरात कापायला कोणी नव्हतं म्हणून मी हे करतच नाही."

त्याने खिशातून चाकू काढला आणि कापलं. कौलं बसवणाऱ्याचा हात होता, काप सारखे पडले. ती समोर बसली. बसली, हे त्याला डोळ्यांनी बघूनही पटत नव्हतं. दर दोन मिनिटांनी काहीतरी आणायला उठत होती, मिठासाठी, पाण्यासाठी, कशासाठीही, पण परत येऊन बसत होती.

"तंगडी जास्त झाली का?"

"नाही, अगदी बरोबर."

"चिमणीजवळ पाणी गळायचं दोन वर्षं," ती म्हणाली. "तुम्हाला सांगणार होते."

"सांगायचंत."

"तुम्ही कामात असायचा."

"मी समोरच असायचो," आन्सेल्म म्हणाला, आणि दोघंही ताटात बघायला लागली.

मग हिरवी पानं, मग चीज. तीन प्रकारचं, त्यातलं एक तिने खास डोंगरावरून मागवलेलं. त्याने एकेका प्रकाराचा तुकडा घेतला, चांगल्या माणसासारखा एकदाच, कारण चीज दुसऱ्यांदा घ्यायचं नसतं. खोकं बाजूच्या टेबलावर तसंच होतं, रिबिनीसकट. बाहेर कोणाच्या तरी घरातून हसण्याचा आवाज येत होता. आन्सेल्मला इतकं बरं वाटत होतं की त्याची भीती वाटायला लागली. आता बोलायचं, तो मनाशी म्हणाला. एक्लेर खाताना. तेव्हा तोंड गोड असतं.

तेवढ्यात तिनेच हात मांडीवर घेतले. "मस्यू रूदिए," ती म्हणाली, "तुम्हाला एक विचारायचं होतं. बऱ्याच वर्षांपासून."

डोकं रिकामं झालं. आणि डोकं रिकामं झाल्यावर हातांनी तेच केलं जे ते चाळीस वर्षं करत आले होते. पावाचा तुकडा घेतला, पातं पुसलं, तुकडा तोंडात टाकला, आणि चाकू मिटला. खट.

मादाम पेरोल उठली.

ती उठली तेव्हा तिलाही कळलं नाही. तीही शेतावरचीच, अकरा माणसांच्या टेबलावर वाढलेली, आणि शिराच्या खुर्चीवरून खटकन आवाज आला की बायकांनी उठून ताटं उचलायची हे तिच्या पायांना तिच्याआधी माहीत होतं. दोन्ही ताटं हातात आली तेव्हा ती थबकली. पण ताटं उचलली होती. घरातला पाहुणा, शिराच्या खुर्चीवरचा पुरुष, त्याने जेवण संपलं म्हटलं तर बसा कसं म्हणायचं? आणि ती उठली म्हणून आन्सेल्मही उठला, कारण बाई उभी असताना बसून राहायचं कसं?

"छान झालं होतं, मादाम."

"आवडलं ना? बरं झालं."

"काहीतरी विचारणार होतात."

"काही नाही हो. ते चिमणीचंच."

दाराशी तिने हात पुढे केला. काझालच्या गालांना गाल लावला होता, याच्या वाट्याला हात. त्याने तो धरला, सोडला, टोपी घातली आणि चालायला लागला.

दोन वाजायला आले होते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. उघड्या खिडक्यांतून ताटांचे, चमच्यांचे आवाज येत होते, कुठे मुलाला ओरडत होते की केकआधी हात धू, कुठे दुसरी बाटली उघडत होते. रविवारचं जेवण चारपर्यंत चालतं. निम्मी घरं अजून मांसावर होती. आणि अख्ख्या मोंबेराकमध्ये टोपी घालून रस्त्यावर एकच माणूस होता. कारंज्यापाशी पोचल्यावर तो थांबला. आपण इथे काय करतोय? गोड खाल्लंच नाही. कॉफी नाही. खोकं तर उघडलंसुद्धा नाही. मग ती का उठली?

आणि मग त्याला कळलं. त्याने खिशात हात घातला, तिथे चाकू होता, मिटलेला. त्याच्या डोळ्यांसमोर लाकोंब आला, ते बटाटे, ती उठणारी पोरं. जन्मभर कोणाला अर्ध्या जेवणावरून उठवलं नाही, आणि उठवलं ते कोणाला? जी बाई एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर बसली होती, तिला. तीही काही विचारणार होती, त्याच क्षणी. तो कारंज्याच्या कडेवर बसला. त्याला रडू आलं नाही, पण स्वतःचा इतका राग आला की तोंडातलं पाणी कडू झालं. ती उद्या सकाळच्या बसने जाणार. जाताना ती मनात म्हणेल की रूदिएला जेवून निघायची घाई होती.

रविवारी एक ते चार आमच्या गावात कोणी कोणाचं दार ठोठावत नाही. आग लागली तर ठोठावतात, किंवा कोणी मेलं तर. आन्सेल्मने ठोठावलं.

मादाम पेरोल ओल्या हातांनी धावत आली. चेहरा पांढराफटक. "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग?"

त्याने रस्त्यात वाक्य जुळवलं नव्हतं, हेच बरं झालं. "मादाम," तो म्हणाला, "माझं पोट भरलं नाही."

तिचा चेहरा लाल झाला. "काय म्हणालात?"

"मला अजून भूक आहे."

"माझ्या टेबलावरून?" ती कडाडली. हात एप्रनला पुसायला गेली, एप्रन नव्हतं, पोशाखालाच पुसले. "एकोणीस वर्षं तीस-तीस माणसं जेवली इथे, मस्यू रूदिए! आजवर एक माणूस उपाशी उठला नाही माझ्याकडून. एक नाही! तंगडी अर्धी पडलीय आत, चीज तुम्ही एकेकच तुकडा घेतलात, आणि आता रविवारी भर दुपारी दार बडवून मला सांगता..."

आणि ती थांबली. तो टोपी छातीशी धरून उभा होता. जागचा हलला नव्हता, कान लाल होते. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं आणि त्याला ते ऐकत राहावंसं वाटत होतं.

"मी चुकून उठवलं तुम्हाला," तो म्हणाला. "हातांनी केलं ते. मला उठायचं नव्हतं. मला कधीच उठायचं नव्हतं."

ती हळू आवाजात म्हणाली, "सगळे ओरडायचे, मादाम अजून वाढा, मादाम इकडे. एक तुम्हीच कधी मागितलं नाहीत. मी दर वेळी पातेलं घेऊन तुमच्यापाशी थांबायची, आणि तुम्ही मान हलवायचा. आज मागताय. सामान बांधून झाल्यावर."

"हो," आन्सेल्म म्हणाला. "उशीर झाला."

ती दारातून बाजूला झाली.

चादर अजून टेबलावरच होती. तिने दोन बश्या खोक्यातून परत काढल्या, गवत झटकलं, कॉफी ठेवली. रिबीन तिने कापली नाही, नखांनी सोडवली. तो शिराच्या खुर्चीवर बसायला गेला तेव्हा ती म्हणाली, "तिथे नको," आणि खिडकीपाशी दोन सारख्या खुर्च्या समोरासमोर ओढल्या.

"तुम्ही विचारणार होतात ते काय होतं?" त्याने विचारलं.

"हसाल."

"नाही हसणार."

"शनिवारी आणि रविवारी तुम्ही कुठे जेवता, हे. एकोणीस वर्षं मला हा प्रश्न पडायचा. शुक्रवारी तुम्ही गेलात की वाटायचं, आता सोमवारपर्यंत या माणसाला कोण वाढतं?"

"घरी जेवतो," आन्सेल्म म्हणाला. "उभ्याने."

तिने बशीकडे बघितलं. एक्लेरचं टोक चमच्याने मोडलं, पण तोंडापर्यंत नेलं नाही.

"जाऊ नका," तो म्हणाला. इतकं सोपं होतं ते. दोन शब्द.

"जायला हवं. ती पलंगावरून उठू शकत नाही हो. तिला माझ्याशिवाय कोणी नाही, आणि मी शब्द दिलाय." तिने चमचा बशीत ठेवला. "मार्चमध्ये, जागा विकायच्या आधी, म्हणाला असतात तर तिलाच इकडे आणली असती. वरच्या खोलीत ठेवली असती. आता वरची खोली चष्मेवाल्याची."

"मग मी काय करू?"

"आत्ता?" मादाम पेरोलने नाक ओढलं आणि बशी त्याच्याकडे सरकवली. "आत्ता खा. भूक लागलीय म्हणाला होतात ना."

त्याने खाल्लं. कॉफी झाली, तिने पुन्हा ठेवली. मग दोघांना खरंच भूक लागली, तेव्हा तिने गार झालेली तंगडी परत आणली. गोड खाल्ल्यावर मांस म्हणजे आमच्या गावात वेडेपणाच, पण बघायला कोणी नव्हतं. ती सावकाश जेवत होती. पाव कापून, घास बारीक करून, मध्ये वाइनचा घोट घेऊन. आपण तिला असं जेवताना आज बघतोय आणि उद्या बघणार नाही, हे आन्सेल्मला इतकं लख्ख कळत होतं की त्याने डोळे वळवलेच नाहीत.

"असं बघत बसू नका," ती म्हणाली. "घास अडकतो." पण ती उठली नाही.